पडदा कुणी लावायचा?

झोप लागत नाही असं कुणाजवळ बोलायची सोय राहिलेली नाही. पूर्वी लोक सांगायचे, जायफळ उगाळून दुधातून घे, तळपायांना काशाच्या वाटीने तूप चोळ. आता समोरचा खिशातून मोबाइल काढतो आणि पडद्याची लिंक पाठवतो. ब्लॅकआउट पडदे! जाड, काळे, रबरी वासाचे, संपूर्ण अंधाराची हमी देणारे. गेल्या वर्षभरात आमच्या गोतावळ्यातल्या पाच जणांनी मला ही लिंक पाठवली. त्यातले निदान तिघे हे वाचतील, म्हणून आधीच सांगतो, रागावू नका. पडदे घेतले. लावले. त्यांच्या फटीसुद्धा बुजवल्या, आणि त्या कशा बुजवायच्या ते पुढे सविस्तर लिहिलंय, कारण त्या विद्येसाठी एक आख्खा पावसाळा खर्ची पडलाय. पण माझं म्हणणं निराळं आहे. रात्री झोपणाऱ्याने आपली खिडकी बुजवत बसायचं ही रीतच उलटी आहे. झाकायचं ते ज्याचा दिवा त्याने.

ज्यांना मांडवा माहीत नाही त्यांच्यासाठी: अलिबाग तालुक्याचं हे उत्तरेकडचं टोक, मुंबईच्या समोर, गेटवेहून लाँचने तासाभराचं अंतर. बऱ्याच जणांनी हे नाव फक्त 'अग्निपथ'मध्ये (१९९०) ऐकलेलं असतं, आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या कुणी ना कुणी अमिताभच्या आवाजात आपलं, वडिलांचं आणि गावाचं नाव सांगतोच. (आम्हाला आता हसायला जमत नाही.) मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर स्वतःच्या गाडीसकट उतरू लागले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू झाला. सासवणं, आवास, किहीम, झिराड, जिकडे बघावं तिकडे वाड्या विकल्या गेल्या, वाड्यांना कंपाउंडं आली आणि कंपाउंडांवर दिवे आले. विकणारे आमच्यातलेच, तेव्हा त्याबद्दल गळा काढणार नाही. बोलायचंय ते दिव्यांबद्दल.

असं एक कंपाउंड आमच्या मागच्या अंगणाला लागून आहे. कुणाचं ते सांगत नाही. माणूस भला आहे, गणपतीत प्रसाद पाठवतो. महिन्यातून दोन शनिवार येतो. दिवे मात्र सातही दिवस येतात! सहा हॅलोजन (आत एलईडीच असतात, पण आपल्याकडे त्यांना हॅलोजनच म्हणतात), भिंतीवर आडवे ठोकलेले, तोंड सरळ समोर. दिवेलागणीला आपोआप लागतात आणि उजाडल्यावर आपोआप विझतात. बंगल्यात त्या वेळी कोण असतं? एक माळी. तो डोळ्यांवर पंचा बांधून झोपतो, आणि आपल्या खोलीच्या खिडकीला त्याने सिमेंटचं रिकामं पोतं ठोकलंय. ज्याच्या रक्षणासाठी हे दिवे आहेत असं म्हणतात, त्याची ही तऱ्हा.

आणि आमच्या बाजूला आईची खोली. आईचं वय एकोणऐंशी. या दिव्यांत तिला तिच्या मोठ्या टायपातल्या पोथीची ओळ लागते, रात्री, चष्मा न लावता. हे मी कौतुकाने सांगत नाही. अडीचला जाग येते, खिडकी पांढरी दिसते, तिला वाटतं उजाडलं. उठते, चूल म्हणजे आता गॅस, पेटवते, चहाचं आधण ठेवते आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खुर्चीत बसून राहते. पुन्हा झोप नाही. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. गोळी घेतली की झोप लागते, पण सकाळी न्हाणीघरात जाताना तोल जातो. त्या वयात तोल जाणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको. तर असा हा हिशेब: शेजाऱ्याला दिवा हवा, म्हणून आईला गोळी हवी.

यावर सगळ्यांचं एकमुखी उत्तर: पडदे लावा. ठीक. लावू.

आता पडद्यांचं शास्त्र. दुकानदार विकतो ते कापड, आणि कापडातून उजेड येतच नाही. उजेड येतो कापडाच्या कडेने. पहिल्या रात्री आपण मोठ्या अपेक्षेने दिवा मालवतो, पाच मिनिटं बरं वाटतं, आणि मग डोळे अंधाराला सरावतात. त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात खिडकीभोवती एक पांढरी चौकट उगवते, एखाद्या देवाच्या तसबिरीमागे लावतात तशी. फटी शोधायच्या तर अशाच वेळी, नाहीतर भर दुपारी बाराला.

लोक आधी मधली फट बघतात, जिथे दोन पडदे भेटतात. ती सगळ्यात गरीब फट. चार बोटं एकावर एक चढतील असे पडदे घ्या, फार तर एक पिन लावा, संपलं. खरी चोरवाट वर असते. पडद्याची दांडी ज्या ब्रॅकेटवर बसते ती भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असते. बाहेरचा झोत काचेतून आत शिरतो, पडद्याच्या पाठीवर आपटतो, त्या तीन इंचांच्या बोळातून वर चढतो आणि छतावर सांडतो. छत पांढरं. मग ते छतच दिव्याचं काम करतं आणि उजेड सगळ्या खोलीभर वाटतं. म्हणून वरची फट आधी बंद करायची. सुताराकडून पेल्मेट करून घ्यायचं, पण त्याला वरून फळी हवी. सुतार पुढची फळी लावतो आणि वरचा भाग उघडा ठेवतो, "दिसत नाही ना साहेब वरून" म्हणतो. दिसत नाही खरं, पण उजेडाला दिसण्याशी काय करायचंय? पेल्मेटचा खर्च नको असेल तर जुन्या चादरीची जाड गुंडाळी करून दांडी आणि भिंत यांच्या मधे ठासून बसवा. दिसायला गबाळी, कामाला चोख.

स्टीलच्या गोल कड्यांचे पडदे, ज्यांना दुकानात आयलेट म्हणतात, ते या कामाला घेऊच नयेत. ते लाटालाटांनी उभे राहतात आणि प्रत्येक लाटेमागे एक बोगदा तयार होतो. त्यापेक्षा छताला किंवा चौकटीच्या वर पट्टी ठोकून तिच्यात हुकांनी सरकणारे चुण्यांचे पडदे बरे. बाजूंच्या फटींसाठी पडदा चौकटीच्या दोन्ही अंगांना वीतभर पुढे जायला हवा आणि दांडीची टोकं भिंतीकडे वळलेली हवीत, म्हणजे पडदा वळून भिंतीला टेकतो. खाली तो जमिनीपर्यंत आणायचा. खिडकीच्या कट्ट्यावर संपणारा पडदा म्हणजे तिथे एक आडवी फट कायमची.

परदेशातले लोक बाजूंना वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या आणि लोहचुंबक लावायला सांगतात. त्यांच्या भिंती कोरड्या असतील. आमच्याकडे आषाढात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. चिकटपट्टी चुन्याचा पोपडा घेऊन खाली येते. चुंबकाला खारी हवा लागली की तो गंजतो आणि पडद्यावर तांबूस डाग पडतात, ते जात नाहीत. इथे लाकडी पट्टीच हवी, भिंतीत स्क्रूने बसवलेली, तिला पितळी हुक आणि पडद्याच्या कडेला नाडीचे फास. रात्री अडकवायचे, सकाळी सोडायचे. आणि ते रबरी लेपाचं कापडही इथे टिकाऊ नाही. त्याला बुरशी धरते, घडीवर लेप सुटतो, आणि शिंप्याने मधोमध शिवण घातली असेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून एकेक तारा चमकतो. साधा सुती पडदा आणि त्याला मागून वेगळं जाड काळं सुती अस्तर, काचेकडच्या बाजूला पांढरं, म्हणजे दुपारचं ऊन परत फिरेल. हे धुता येतं, वाळवता येतं, फाटलं तर शिवता येतं.

एक गंमत सांगायची राहिली. सगळ्या फटी बुजल्या आणि एकच बारीक भोक उरलं तर दुपारी समोरच्या भिंतीवर बाहेरचं जग उलटं उमटतं. माडांचे शेंडे खाली, आभाळ जमिनीला, आणि एक माणूस डोक्यावर चालत गेला. आपल्या भाषेत यासाठी 'कवडसा' हा किती सुंदर शब्द आहे. कौलातून येणारा एकच उजेडाचा ठिपका, सोबत त्यात नाचणारे धूलिकण. पूर्वीच्या घरात उजेड असा मोजून मापून यायचा. असो.

तर इतकं सगळं केलं. खोलीत खरोखर अंधार झाला. आणि वारा गेला! जिथून उजेड येत होता तिथूनच तो येत होता. मे महिन्यात मांडव्यात वाऱ्याशिवाय बंद खोलीत झोपून दाखवा. पंखा फिरतो, पण तीच हवा घुसळतो. जुन्या घराला लाकडी झडपा होत्या, वरच्या वेगळ्या आणि खालच्या वेगळ्या. खालच्या लावल्या आणि वरच्या उघड्या ठेवल्या की अंधारही मिळायचा आणि वाराही यायचा, कारण तेव्हा बाहेर अंधारच असायचा. आता सरकत्या काचा. आईच्या खोलीत एसी लावा, असं सहावी व्यक्ती म्हणाली. म्हणजे दिवा त्याचा, मीटर आमचं. आईला एसीने सांधे धरतात. शिवाय वीज गेली की काय? वीज गेली तर त्याचेही दिवे जातील म्हणता? नाही. त्याच्याकडे जनरेटर आहे.

इथे नीट समजून घ्या. ब्लॅकआउट पडद्यांना माझा विरोध नाही. ज्यांना दिवसा झोपावं लागतं त्यांना ते हवेतच. रात्रभर समुद्रावर असलेला नाखवा सकाळी दहाला घरी येऊन पाठ टेकतो, रात्रपाळीची नर्स, कारखान्यातला कामगार, विमानतळावरचा पोरगा, यांनी सूर्याला काय सांगायचं? मालवतो का तो? तिथे पडदा हाच उपाय, आणि वर लिहिलेलं सगळं त्यांच्या उपयोगी पडावं. पण सूर्याचं आणि शेजाऱ्याच्या हॅलोजनचं एकच औषध कसं? सूर्याला बटण नाही. हॅलोजनला आहे.

गंमत म्हणजे 'ब्लॅकआउट' हा शब्दच दिवेवाल्यांसाठी आला. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक घराला खिडक्यांवर जाड काळे पडदे लावायची सक्ती झाली. कशासाठी? आतला उजेड बाहेर जाऊ नये, वरून विमानाला दिसू नये म्हणून. वॉर्डन रस्त्याने फिरायचे आणि फटीतून उजेडाची रेघ दिसली तरी दार ठोठावायचे, दंड व्हायचा. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत हेच झालं. डिसेंबर १९७१ मध्ये आई गिरगावात चाळीत होती. ती सांगते, खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद खळीने चिकटवले होते, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने रंगवला होता, आणि कुणाच्या स्वयंपाकघरातून जरा उजेड दिसला की खालून आरोळी यायची, "ओ दुसरा मजला, लाइट!" त्या काळात कुणी असं म्हणालं नाही की आमचा दिवा आम्ही हवा तसा लावू, ज्याला त्रास होतो त्याने आपलं बघावं. फट बुजवायची ती आतून, दिव्याच्या बाजूने, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, तेव्हा ठिकठिकाणी दिवे मालवायचा सराव झाला. तेव्हाही मालवणारा दिव्याचा मालकच होता.

म्हणजे शत्रूच्या विमानासाठी आपण दिवा झाकू शकतो. शेजारच्या म्हातारीसाठी नाही.

युद्ध नको असेल तर लडाखचं उदाहरण घ्या. हानले गावाजवळ भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, आणि २०२२ साली त्या परिसराला अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून अधिसूचित केलं गेलं. तिथल्या गावकऱ्यांना सांगितलं गेलं की खिडक्यांना जाड पडदे लावा, बाहेरच्या दिव्यांना वरून झाकण घाला, गाडीचे दिवे वर मारू नका. दुर्बिणीला कुणी म्हणालं नाही की बाई, तूच डोळ्याला पट्टी बांध. आपल्या महाराष्ट्रातही पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. रस्ता दिसतो, ताराही दिसतो.

"डोळे मिटले की झालं ना, एवढं काय?" हा एक प्रश्न. पापणी ही काही ब्लॅकआउट पडदा नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, बघण्याच्या पेशींखेरीज आणखी एक जात असते. ती चित्र बघत नाही, फक्त उजेड आहे की नाही एवढं मेंदूतल्या घड्याळाला कळवते, आणि निळसर उजेडाला ती सगळ्यात जागी असते. हे २००२ च्या सुमारास पक्कं कळलं. देहाच्या घड्याळावर काम करणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेलही मिळालं. २०२२ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या संशोधकांनी वीस निरोगी तरुणांना अभ्यासात घेतलं. त्यातल्या अर्ध्यांना एक रात्र शंभर लक्सच्या, म्हणजे मध्यम उजेडाच्या खोलीत झोपवलं, तर त्यांच्या हृदयाचे ठोके झोपेतही वाढलेले निघाले आणि सकाळी इन्सुलिनचं काम बिघडलेलं निघालं. झोप मोडली असं त्यांना वाटलंही नव्हतं. आईच्या खोलीत शंभर लक्स नाहीत, हे मीच सांगतो. पण ती वीस वर्षांचीही नाही. आणि पूर्वीचे रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे आठवा. त्यात निळा भाग नावापुरता. आता लागतात ते पांढरेफटक एलईडी. वीज वाचली, हे चांगलंच झालं. पण वाचलेल्या विजेचं काय केलं आपण? एकाच्या जागी सहा दिवे लावले.

"सुरक्षेसाठी लागतात हो." हे सर्वांत मोठं अस्त्र, यापुढे माणूस गप्प बसतो. मी बसत नाही. त्या कंपाउंडाशी रात्री जाऊन उभे राहा. दिवा डोळ्यांत इतका घुसतो की दिव्याच्या मागे आणि खाली काय आहे ते दिसतच नाही. भिंतीलगत काळीकुट्ट सावली. चोराला लपायला याहून चांगली जागा मिळणार नाही, वर त्याला कुलूप बघायला बॅटरी आणायची गरज नाही. दिवा खाली वळलेला असेल तर जमीन दिसते, माणूस दिसतो. हालचाल झाल्यावरच लागणारा दिवा असेल तर लागल्याबरोबर माळीही जागा होतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कुणी बघत नाही, हे मला त्याच माळ्याने सांगितलं.

"आधी अंधार होता म्हणून ओरडत होतात, आता उजेड आहे म्हणून ओरडता." हे मला एका कार्यालयात ऐकवलं गेलं, अर्ज घेऊन गेलो तेव्हा. अर्ज कोणत्या फायलीत लावायचा हेच तिथे कळेना. साहेब म्हणाले, लाइट नाही अशी तक्रार रोज येते, लाइट आहे अशी पहिलीच. विनोद चांगला होता, मीही हसलो. पण उत्तर देतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा आम्ही कित्येक दिवस विजेविना काढलेत. पंप बंद, फ्रिज बंद, मोबाइल मेलेला. तेव्हा आकाशात किती तारे दिसले याची रसभरीत वर्णनं करायची माझी हिंमत नाही, शेजारच्या वाडीतल्या बाईला रात्री विंचू चावतो की काय या भीतीने झोप नव्हती. वीज हवी. रस्त्यावर दिवा हवा, धक्क्यावर हवा, विहिरीवर हवा. माझं भांडण फक्त त्या उजेडाशी आहे जो रस्त्यावर पडत नाही, विहिरीवर पडत नाही, माझ्या आईच्या उशीवर पडतो.

"मग दिवाळीत कंदीलही लावू नका!" लावा की. चार दिवस काय, पंधरा दिवस लावा. आवाजाचं बघा ना. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पाळले जातात की नाही हा वेगळा विषय, पण नियम आहे, आणि त्या नियमात एक तत्त्व आहे: आवाज करणाऱ्याने आवाज कमी करायचा. कानात कापूस घाला असं कायदा ऐकणाऱ्याला सांगत नाही. धुराचं तेच, सांडपाण्याचं तेच. माझ्या मोरीचं पाणी तुमच्या अंगणात आलं तर मला पन्हळ फिरवावी लागते, तुम्हाला बांध घाला म्हणून मी सांगू शकत नाही. फक्त उजेडाच्या बाबतीतच आपण सांडणाऱ्याला सोडून भिजणाऱ्याला छत्री विकतो.

आणि उजेडाने नुकसान होतं हे आपल्या सरकारला माहीत नाही असंही नाही. २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतावर मासेमारी करायला बंदी घातली. पाण्यावर प्रखर दिवा सोडला की लहानमोठी सगळी मासळी भुलून गोळा होते, जाळ्यात पिल्लंही येतात आणि बाकीच्यांचा समुद्र रिकामा होतो. ही बंदी असूनही दिवे लागतात म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार अजून ओरडतायत. कासवांचंही तसंच. किनाऱ्यावर अंड्यांतून निघालेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे धावतात, तो समुद्र असतो म्हणून. मागे रिसॉर्टचा दिवा असेल तर ती उलट दिशेला, जमिनीकडे चालू लागतात. माशाला भूल पडते हे मान्य, कासवाची दिशा चुकते हे मान्य. आई अडीचला उठून चहा ठेवते, तिची काही चूक झाली का?

समुद्रकाठच्या माणसांना तर दिवा कसा लावावा हे नव्याने शिकवायला नको. आमच्या दक्षिणेला थळसमोर खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह आहे. दीपगृहाची सगळी करामत त्याच्या भिंगात असते. सगळीकडे सांडू पाहणारा उजेड गोळा करून तो एकाच पातळ पट्ट्यात, जिथे जहाज आहे तिथेच पाठवायचा. कितीतरी दीपगृहांच्या जमिनीकडच्या काचा मुद्दाम झाकलेल्या असतात, कारण जमिनीवर जहाजं चालत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी मैलोगणती लांब पोचणाऱ्या दिव्याला जे जमलं ते पन्नास वॅटच्या हॅलोजनला का जमू नये?

आमच्या दोन खिडक्यांचं पेल्मेट, पडदे, अस्तर, पट्ट्या, हुक आणि सुताराची मजुरी मिळून साडेअकरा हजार झाले. त्या झोतात आमच्यासारखी आणखी चार घरं येतात. सगळ्यांनी केलं तर साठ हजारांच्या आसपास, शिवाय पाच घरांचा वारा बंद. चोंढीच्या नाक्यावरच्या पत्रेवाल्याला विचारलं, हॅलोजनवर बसेल अशी पत्र्याची झडप, पुढून कपाळासारखी खाली आलेली, काळा रंग मारून, किती घेशील? दीडशे रुपये म्हणाला. सहांचे नऊशे. आणि खरं तर झडपेचीही गरज नाही. हॅलोजन त्याच्या घोडीवर दोन बोल्टांनी बसलेला असतो. बोल्ट सैल करायचे, दिवा जमिनीकडे झुकवायचा, बोल्ट आवळायचे. फुकट.

शेजारच्या भल्या माणसाला हे सगळं मी एका कागदावर लिहून दिलंय, चित्र काढून. पुढच्या शनिवारी तो येईल. पाना माझ्याकडे आहे. शिडीही आहे, आणि माळी ती धरायला तयार आहे.